भुरका

३ मार्च, सोमवार

डाव्या गालात आतून कुणीतरी पाचर ठोकतंय. खालची अक्कलदाढ! आडवी उगवली आहे म्हणे, शेजारच्या दाढेच्या अंगावर रेलून. दातांच्या डॉक्टरणीने एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाली, काढावी लागेल, नाहीतर हिरडी अशीच सुजत राहणार. मी म्हटलं, एकोणचाळिसाव्या वर्षी अक्कलदाढ? ती म्हणाली, अक्कल कुणाला कधी येईल सांगता येत नाही. हा विनोद ती दिवसातून चारदा करत असणार. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

मग समजावून सांगितलं. दाढेची मुळं एका नसेला खेटून आहेत. दुसरी एक नस जिभेकडे जाते, तीही तिथूनच. क्वचित बधिरपणा राहतो, बहुतेक वेळा तोही जातो. काम काय करता, असं विचारलं. चहाच्या कंपनीत आहे म्हटलं. म्हणजे ऑफिसात बसूनच, ती म्हणाली. मी मान हलवली. तोंडात आरसा होता. तशा अवस्थेत कुठे सांगत बसू की मी दिवसभर चहा चाखते आणि माझ्या जिभेच्या भरवशावर कंपनी माल उचलते?

५ मार्च, बुधवार

शनिवारची वेळ घेतली. आत्ताच उरकायला हवं. मास्तर जूनमध्ये निवृत्त होतात. (आमचे मुख्य चाखणारे. शिकवायची खोड आहे म्हणून मास्तर.) एप्रिलमध्ये नव्या मोसमाचे नमुने येतील, तेव्हा ते ठरवणार की खुर्ची माझी की नाकाड्याची. नाकाड्या माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला. भिजलेल्या पानांत नाक खुपसतो म्हणून हे नाव. मुलगा चांगला आहे, तीच पंचाईत. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

मला ती खुर्ची हवी आहे. इथे लिहायला काय हरकत आहे? हवी आहे.

८ मार्च, शनिवार

काढली. भुलेमुळे दुखलं नाही, ऐकू मात्र सगळं आलं. सुतारकाम! अख्खी निघेना म्हणून तुकडे करून काढली.

सूचना नंतर दिल्या, तोंडात कापसाचा बोळा कोंबल्यावर. म्हणजे प्रश्न विचारायची सोय नाही. बोळा दाबून धरा. आज गुळणी नाही. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. स्ट्रॉने प्यायचं नाही, काही चोखायचं नाही, गरम नाही, सिगारेट नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्या आडोशाने जखम भरते. ती निघून आली तर हाड उघडं पडतं. गुठळीला तान्ह्या पोरासारखं जपा, डॉक्टरीण म्हणाली. नवरा माझ्या वतीने माना डोलवत होता.

दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आत घ्यायची असते. मी उतरल्यावर घेतली. लिहून ठेवते, उजवीकडची अजून शिल्लक आहे.

९ मार्च, रविवार

गाल पावासारखा फुगलाय. आजउद्या सूज वाढेल, घाबरू नका, असं डॉक्टरणीने सांगितलंच होतं. नवरा म्हणाला, एक फोटो काढू का? मला बोलता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

कोमट मिठाचं पाणी तोंडात धरते आणि मान वाकवून सोडून देते. पिचकारी बंद.

आईचा फोन. होती नव्हती तीही अक्कल काढून टाकलीस का? नाकाड्याचा निरोप — ताई, अक्कल गेली तरी हजेरी लागेल. मास्तरांचाही निरोप. तोच विनोद, फक्त शुद्धलेखन बरं.

१० मार्च, सोमवार

ओठ जागा झाला. गाल जागा झाला. जीभ डावीकडे अजून झोपली आहे.

११ मार्च, मंगळवार

ऑफिसला गेले. नुसतं बसायला! हीच चूक.

खिडकीखालचं लांब टेबल, पांढऱ्या वाट्यांची रांग, वाट्यांत चहा. एका नमुन्यावरून मास्तर आणि नाकाड्यात जुंपली होती. मास्तरांनी माझ्यासमोर चमचा धरला. तू बघ, म्हणाले.

हात आपोआप गेला. चमचा ओठाला लावला आणि मारला भुरका — नेहमीचा, सणसणीत, चहाबरोबर हवाही आत ओढणारा. त्याशिवाय चहा कळत नाही. मग थुंकदाणीत थुंकले. भुरका मारणं आणि थुंकणं, माझ्या पोटापाण्याचे दोनच व्यवहार.

मग आठवलं. डॉक्टरीण चोखायचं नाही म्हणाली होती, चाखायचं नाही असं नव्हे. एका मात्रेचा तर फरक. शिवाय भुरक्याचं नाव तिने घेतलंच नव्हतं. घरी येईपर्यंत स्वतःला पूर्ण पटवून झालं होतं.

१३ मार्च, गुरुवार

कानापर्यंत कळा. दाढ होती तेव्हा बरी होती. तोंडाला घाण वास. नवऱ्याने गाडीत घातलं आणि थेट दवाखान्यात.

गुठळी गेली आहे, डॉक्टरीण म्हणाली. हाड उघडं.

"काही चोखलंत?"

"नाही. चाखलं."

मग सांगावंच लागलं. चहा, चमचा, भुरका, थुंकदाणी. भुरका कसा तेही तोंडानेच आवाज काढून सांगितलं. हातातलं हत्यार तिने खाली ठेवलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

आधी कळलं असतं तर आणखी एक स्कॅन काढला असता, ती म्हणाली, कदाचित वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवली असती. मी विचारलं, म्हणजे जीभ वाचली असती? ते आता मला सांगता येणार नाही, म्हणाली. खोटा धीर दिला नाही, तेवढं बरं वाटलं.

मग डोळे मिटायला लावून टोकदार सळीने जीभ टोचून पाहिली. उजवीकडे मी उडाले. डावीकडे कधी टोचलं ते कळलंच नाही. आठवडे लागतील, महिनेही लागतील, म्हणाली. बहुधा येईल.

बहुधा!

खड्ड्यात लवंगेच्या वासाची औषधी पट्टी भरली. कळ बघता बघता थांबली. त्या क्षणी डॉक्टरीण म्हणाली असती की घर लिहून दे, तर दिलं असतं.

१७ मार्च, सोमवार

भीती वाटते. दुसरं काही येत नाही मला. हिशेब येत नाही, माणसं सांभाळता येत नाहीत. एक चहा कळतो.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, अर्ध्या जिभेवरही या घरात तुझंच चालेल. हसले. मग रडू आलं. तो शेजारी येऊन बसला, तेव्हा मात्र विनोद केला नाही.

ऑफिसात सांगायचं नाही असं ठरवलं.

२८ मार्च, शुक्रवार

जखम भरली, भुरक्याला परवानगी मिळाली. चहा उजवीकडे वळवून चाखते. निभावतंय. अंदाज, वास, जुनी आठवण आणि तोंडावरचा आत्मविश्वास. मास्तर आज माझ्या गालाकडे बघत होते. मी सूज अजून उतरतेय म्हटलं.

१० एप्रिल, गुरुवार

नमुने आले. एक मोठा माल, भाव चांगला, मास्तरांना आजच हो-नाही कळवायचं होतं. हा चहा जीभ धरतो का, म्हणजे त्याचा तुरटपणा जिभेवर टिकतो का, एवढाच प्रश्न. धरला तर घ्यायचा, नाहीतर सोडायचा.

नाकाड्या म्हणाला, पांचट आहे. मी चाखला. उजवीकडे धरल्यासारखं वाटलं, डावीकडे काहीच नाही, कोमट पाणी. धरतो, म्हटलं. आवाज अगदी नेहमीचा.

नाकाड्याने पुन्हा चाखला. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, ताई म्हणतात तर धरत असेल, माझंच चुकलं असेल. मास्तर लिहायला वाकले.

त्याचं चुकलं नव्हतं. चहा धरतो की नाही हे मला ठाऊक नव्हतं, पण त्याला ठाऊक होतं, आणि तो माझ्यासाठी मागे हटला. खुर्ची समोर, अगदी हाताशी. गप्प बसायचं, बस्स.

"मास्तर, लिहू नका. दाढ काढल्यापासून माझी अर्धी जीभ बधिर आहे. ह्याचं धरा."

मास्तरांनी पेन मिटलं. महिनाभर? म्हणाले. मी हो म्हटलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. माल सोडला. संध्याकाळी दोघांना आत बोलावलं आणि सांगितलं की खुर्ची नाकाड्याची. वर कळवलंसुद्धा. मी अभिनंदन केलं. नीट केलं, असं वाटतं.

घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. खोटं कशाला लिहू?

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी डबा खाताना जीभ चावली. डावीकडची. दुखली! डोळ्यांत पाणी आलं इतकी दुखली.

समोर नाकाड्या जेवत होता. ताई, काय झालं, म्हणाला. काही नाही, म्हटलं, जीभ चावली. त्याला वाटलं, कालच्या बोलण्याबद्दल म्हणतेय. बिचारा मान खाली घालून जेवत राहिला.

मी हळूच पुन्हा एकदा चावून पाहिली.