भोंग्याचा दोष

३ फेब्रुवारी २०२५
पेठेतला पुढारी पृथ्वीराज आज तिसऱ्यांदा दुकानात! रविवारच्या सभेला माझेच भोंगे पाहिजेत. फार गोड बोलतोय — म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. सभा कसली विचारलं, तर "समाजजागृती हो, अण्णा." जाताना शेजारच्या दुकानाकडं हनुवटी करून सोबतच्याला हळूच म्हणाला, "आधी ही वाळवी." त्याला वाटलं मला ऐकू गेलं नाही. अरे, सायकलवर एक भोंगा बांधून धंदा काढलाय मी. जन्म आवाजात गेला!

शेजारचं दुकान दस्तगीरचं. त्याचा मंडप, माझा भोंगा — निम्म्या पेठेची लग्नं आम्ही दोघांनी लावलीत.

४ फेब्रुवारी
लेक आदितीचा विद्यापीठातला प्रबंध रवांडावर. जेवताना म्हणाली, "तिथं रेडिओवर शेजाऱ्यांना झुरळं म्हणायचे, अण्णा. गाणी, विनोद, मधेच झुरळं. मग लाखो माणसं मारली."

"कुणी? सैन्यानं?"

"सैन्यानंही. पण पुष्कळांना शेजाऱ्यांनी."

तिची आई पद्मावती कावली, "ताटावर बसून असलं काय बोलता!" आमच्या जैनांत मुंगी मेली तरी हळहळ. आमचा अनेकांत खाली मान घालून जेवत होता. धंदा आता तोच बघतो, दमतो पोरगा.

मला तर कारण सापडलं — रेडिओ! एकटा माणूस शिवी देतो ती चार जण ऐकतात. भोंगा तीच गावाला देतो.

६ फेब्रुवारी
चहाच्या गाड्यावर 'वाळवी'. दाढीच्या दुकानात 'वाळवी'. सगळे हसत हसत. पृथ्वीराजचा शब्द इथवर पोचवला कुणी? प्रत्येकाच्या तोंडाकडं बघतोय.

पृथ्वीराजला सांगितलं, भोंगे मिळणार न्हाईत. दस्तगीरला कळलंच. "काय रं बाहुबल्या, दारात आलेली लक्ष्मी हाकललीस व्हय?" हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "पोरगी म्हणतीया, मिरजेला मामाकडं ऱ्हायला जाऊया. दुकान मोडून. तू काय म्हणतोस?"

म्हटलं, "मी हाय की!"

८ फेब्रुवारी
अनेकांत उद्या गारगोटीला लग्नाची ऑर्डर घेऊन जाणार म्हणे. कुणाचं लग्न, ते सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी
संध्याकाळी चौकातून आवाज आला आणि चहा हातातच राहिला. माझेच भोंगे! आपल्या म्हशीचं हंबरणं कळणार नाही होय? चप्पल न घालता धावलो. माईकवर पृथ्वीराज — यांना दुकानं देऊ नका, यांचा मंडप घेऊ नका, वाळवी घरात शिरायच्या आत... मागून जाऊन मेन वायर उपटली. सगळं गप्प!

पुढचं लिहवत नाही.

१० फेब्रुवारी
भोंगे बंद होते. तरी घोषणा उठली, आधीपेक्षा मोठी. पहिला आवाज अनेकांतचा.

सकाळी दस्तगीरला सांगितलं — जा मिरजेला.