हॉलमागचं तांबूस स्प्रूसचं झाड होळीसाठी न कापण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, होळी समिती,
सरोवर मराठी मंडळ, ईडन प्रेरी, मिनेसोटा

विषय : "ते झाड मेलंय, तू मध्ये तोंड घालू नकोस!" हे आपलं म्हणणं मान्य नसल्याबाबत.
संदर्भ : काल पार्किंगमध्ये झालेलं आपलं भांडण.

महोदय,

काल तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "एवढंच असेल तर लेखी अर्ज दे, आणि मराठीत दे." मोरेश्वरकाका, मी पाचवीपर्यंत नागपूरला होतो. घ्या अर्ज.

१) मंडळाच्या हॉलमागचं स्प्रूसचं, म्हणजे सुयांसारख्या पानांचं, झाड मी लावलंय. अकरावीत शाळा सोडून झाडांच्या नर्सरीत कामाला लागलो, तेव्हा लावलेलं पहिलं. ते तांबूस पडलं म्हणून उद्याच्या, सुट्टी बघून शनिवारी ढकललेल्या होळीसाठी कापायचं, असं तुमच्या मीटिंगने नऊ विरुद्ध दोन मतांनी ठरवलं. झाड जिवंत आहे का, हे हात वर करून ठरत नाही. तसं असतं तर त्या मीटिंगमध्ये मीसुद्धा मेलेलाच निघालो असतो.

२) झाड तहानलेलं आहे. जमीन खोलवर गोठलीय, मुळांना थेंब मिळत नाही, आणि वरून ऊन-वारा सुयांमधलं पाणी ओढून नेतात. तुम्हाला दोन महिने उघड्यावर उभं केलं, हातात बर्फ झालेली बाटली दिली आणि म्हटलं, प्या, तर तुमचाही रंग उडेल. म्हणून आम्ही तुम्हाला होळीत टाकायचं का? उत्तर लेखी द्यावे.

३) जरा जवळ जाऊन बघा. गुडघ्यापर्यंत झाड हिरवंगार आहे, कारण तेवढं बर्फाखाली झाकलेलं होतं. वरचं तांबूस झालंय, तेही ऊन-वारा लागतो त्या पार्किंगच्याच बाजूचं. कळ्या शाबूत आहेत. थंडी वाढायच्या आधीच हे झाड पेशींमधलं पाणी बाहेर सारतं, म्हणजे बर्फ झाला तरी आत काही फाटत नाही. इतकी आधीपासून तयारी मंडळाने एकाही कार्यक्रमाची केलेली मी पाहिलेली नाही.

४) शोभनाकाकूंना दया आली. त्यांनी बुंध्याशी चार पातेली गरम पाणी ओतलं, हळद घालून. वीस मिनिटांत त्याचा पिवळा बर्फ झाला. त्यावरून यतीनकाका घसरले आणि तुमच्या रिपोर्टमध्ये आलं, "सदर झाडापासून सभासदांना धोका." यार, झाड जागचं हललेलंसुद्धा नाही!

५) विनंती एवढीच, की जूनपर्यंत थांबा. नवे कोंब फुटले नाहीत तर मी स्वतः ते कापतो, सगळ्यांसमोर, आणि सप्टेंबरपासून शाळेत जातो. हे बाबांना आत्ताच कळवू नये.

६) होळीला लाकूड लागतं, मान्य. पण ओलं झाड नुसतं धुमसेल आणि फायर ट्रक बोलवावा लागेल. म्हणून मी आमचं डायनिंग टेबल देतोय. अख्खं ओकचं, गॅराज सेलमधून आणलेलं, खडखडीत वाळलेलं, सहा खुर्च्यांसकट. चार खुर्च्या ट्रकमध्ये चढवून झाल्या. टेबल एकट्याला जड जातंय, पण आणतो. तोपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही.

आपला, जमेल तितका नम्र,
ऋषी खानझोडे
६ मार्च २०२६

सोबत :
१) त्याच झाडाची डहाळी, प्लास्टिकच्या पिशवीत. नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसेल. सगळ्या नऊ जणांनी खरवडावं.
२) पिवळ्या बर्फाचा फोटो.
३) टेबलाबद्दल आईचं संमतीपत्र. ते नंतर जोडतो, कारण गॅराजचं दार वर जातंय, ती लवकर आलीय, मला आता निघावं लागतंय