अवधूतच्या दुकानातला साबुदाणा

चि. निहारिका,

झाकून ठेवलेली खिचडी तुझी. वरुणला चहा स्वतः करून घेऊ दे, हात झिजत नाहीत त्याचे. मी पेंडल हिलला अवधूतच्या दुकानात चाललेय.

प्लास्टिकच्या साबुदाण्याचा तो व्हिडिओ सहा वर्षांपूर्वीचा, भलत्याच देशातला, हे काल तू शोधून दाखवलंस. पण त्यातला पुडा इथल्यासारखाच दिसला म्हणून मी भजनाच्या ग्रुपवर "अवधूतकडचा घेऊ नका" असं लिहून बसले होते. माझा खरं बोलण्याचा नेम साऱ्यांना ठाऊक, त्यामुळे तपासलं कुणीच नाही. दुपारपर्यंत मेसेज पार दुसऱ्या राज्यात पोचून ट्रुगानिनाहून जाऊबाईंचा फोन! काल खुलासा टाकला, तर नुसती हात जोडलेली चित्रं आली. पुढे एकीनेही पाठवला नाही.

काल माफी मागायला गेले, तर अवधूत म्हणाला, "मावशी, नो वरीज." पण चेहरा उतरला होता गं त्याचा.

आज दशमी. उद्याच्या उपासाचं घ्यायला सगळ्या येतीलच. दाराशी उभी राहून त्याच्याच साबुदाण्याची खिचडी प्रत्येकीला खाऊ घालते, आणि चूक माझी होती म्हणून सांगते.

पुडे उरले, तर सगळे घरी आणीन. मग द्वादशीलाही खिचडीच.

— आई