चर्चच्या तळघरातले पाढे

१२ ऑक्टोबर १९८३, ॲन आर्बर

वर्ग मिळाला!

चर्चच्या तळघरात, मंगळवार आणि गुरुवार, सकाळचा. पगार नाही. माझ्या व्हिसावर पगार घेता येतच नाही, पण फुकट शिकवायला बंदी नाही हे इतके दिवस कुणी सांगितलंच नव्हतं. वर्ग चालवणाऱ्या जोनबाई जरा संकोचून म्हणाल्या, "इट्स ओन्ली अ बेसमेंट, मृणालिनी." मी अकरा वर्षं नागपुरात पत्र्याच्या शेडखाली नववी-दहावीच्या मुलींना गणित शिकवलंय. एप्रिलमध्ये वर पत्रा तापलेला, खाली साठ मुली. इथे हीटर आहे, हिरवा फळा आहे, खडू मोडला तर दुसरा आहे. आणखी काय पाहिजे?

गिरीश लॅबमधून आला तेव्हा बातमी सांगायला मी रस्त्यावरच उभी होते. म्हणाला, "काय झालं? किल्ली आत राहिली का?"

२० ऑक्टोबर

सगळ्या बायका युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांच्या बायका. माझ्यासारख्याच – नवऱ्याच्या मागून आलेल्या. कुणी कोरियाची, कुणी ब्राझीलची. शाळा अर्धवट राहिलेली, म्हणून इथली बाहेरून बसता येणारी हायस्कूलची परीक्षा द्यायची. सगळ्यात उंच ती मा-थाबो, आफ्रिकेतल्या लेसोथोची. कोटाच्या वरून घोंगडी पांघरते आणि ती वर्गातही काढत नाही. नवरा इथे जमिनीची धूप शिकतोय. तिला मास्तरीण व्हायचंय. ही परीक्षा पास झाली तर तिकडचं ट्रेनिंग कॉलेज तिला घेणार आहे. मेमध्ये ते परत जाणार, त्याआधी व्हायला हवं. बाकीच्या विषयांचं तिला काही वाटत नाही. गणिताचं नाव काढलं की घोंगडी डोक्यावर ओढते.

शोभाताईंना फोनवर सांगितलं. त्या दहा वर्षांपासून इथे, त्यांचा सल्ला न मागता मिळतो. म्हणाल्या, "अगं, फुकट शिकवलं की व्हॅल्यू राहत नाही. बेबीसिटिंग कर, कॅश मिळते."

२७ ऑक्टोबर

अपूर्णांक. सगळा आनंदीआनंद!

८ नोव्हेंबर

अपूर्णांक का येत नाहीत ते आज कळलं. पाढे येत नाहीत. छप्पन्न म्हटलं की सात-आठे डोळ्यांपुढे उभं राहायला नको का? सरळ पाढे सुरू केले. मी एक ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी. इंग्रजीत, पण चाल आपलीच. आधी सगळ्या लाजत होत्या. सातच्या पाढ्याला मा-थाबोने खालच्या पट्टीत वेगळाच सूर लावला, ब्राझीलवालीने टेबलावर ठेका धरला, आणि मग काय विचारता! तळघर भरून गेलं.

जोनबाई जिन्यात येऊन उभ्या. वर्ग सुटल्यावर म्हणाल्या की इकडे घोकंपट्टीला चांगलं समजत नाहीत, समजून शिकण्यावर भर असतो. मी म्हटलं, समजावते मी नंतर, आधी तोंडात तर बसू दे. पण जिना चढताना त्या सातचा पाढा गुणगुणत होत्या, मी ऐकलं.

किती दिवसांनी घसा बसलाय. बरं वाटलं.

१ डिसेंबर

बर्फ. बस उशिरा. तरी सगळ्या आल्या. देवा, तुझे आभार कसे मानू!

१९ जानेवारी १९८४

मा-थाबो डबा खायला थांबली. मी विचारलं, मा-थाबो म्हणजे काय? म्हणाली, "थाबोची आई." मला वाटलं मुलगा तिकडे आजीकडे असेल. तसं नाही. त्यांच्याकडे लग्न झालं की सासरचे नवं नाव ठेवतात. पुढे जो मुलगा होईल त्याचं नाव आधीच ठरवायचं आणि सुनेला त्याची आई म्हणायचं. लग्नाला सहा वर्षं झाली, थाबो काही आला नाही, ही मात्र रोज त्याची आई. माहेरचं नाव पुलेंग.

मी आमचं सांगितलं – ताटात तांदूळ पसरून गिरीशने अंगठीने त्यात मृणालिनी लिहिलं, आणि त्या दिवसापासून कांचन संपली. तिला तांदळाचं फार आवडलं. मग तिने हळूच विचारलं, "तुझा थाबो?" म्हटलं, माझाही नाही. ती हसली, मीही हसले. हे बोलून मला हसू येईल असं कधी वाटलं नव्हतं. उरलेली पोळी आम्ही अर्धी-अर्धी खाल्ली.

१६ फेब्रुवारी

जोनबाईंचा फोन. परीक्षेला नावं कळवायची होती. मी एकेक सांगत गेले, त्या लिहून घेत गेल्या. परीक्षा सात एप्रिलला.

२९ मार्च

मा-थाबो आज फळ्याशी गेली, अपूर्णांकांचा भागाकार केला, आणि बाकीच्यांना समजावून सांगितला. मी मागच्या बाकावर बसले होते. अशी शिकवते! घाई नाही, आवाज चढवत नाही, चुकलेल्या बाईला पुन्हा करायला लावते आणि स्वतः खिडकीबाहेर बघते, म्हणजे तिला लाज वाटू नये. हे मी कुणाला शिकवलेलं नाही. ही मास्तरीण झालीच पाहिजे.

७ एप्रिल

काय करून बसले मी!

दारावर ओळखपत्र मागितलं. तिने पासपोर्ट दिला. पासपोर्टावर पुलेंग, त्यांच्या यादीत मा-थाबो. बाई नम्रपणे म्हणाली, सॉरी, नाव जुळत नाही. मी पुढे होऊन सांगितलं, लग्नानंतरचं नाव आहे, तिला सगळे याच नावाने ओळखतात. बाई म्हणाली, "मॅम, नॉट ऑन हर पासपोर्ट." मागे रांग. दार लागलं.

नाव मीच कळवलेलं. दोन्ही नावं मला ठाऊक होती आणि तरी सासरचंच सांगितलं. विचारसुद्धा केला नाही. आमच्याकडे लग्नानंतर जुनं नाव उरतं कुठे? पासपोर्ट, बँक, रेशनकार्ड, सगळीकडे मृणालिनीच. जगात सगळीकडे असंच असणार हे मी धरूनच चालले. दुसऱ्या कुठल्या मास्तरणीने ही चूक केली नसती.

मा-थाबोनेच माझा हात धरून मला बसमध्ये बसवलं. पुढची परीक्षा सोळा जूनला. त्यांची तिकिटं बारा मेची.

८ एप्रिल

जेवण गेलं नाही.

१० एप्रिल

वर्गाला जायची हिंमत होत नव्हती. गिरीशने कोट हातात दिला. "जा. शिव्या दिल्या तर खाऊन ये."

ती आली होती, नवऱ्याला घेऊन. लेबोहांग भला माणूस, पण चेहरा पडलेला. तो म्हणत होता, तू मागे राहिलीस तर आई काय म्हणेल, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "तू जा. मी परीक्षा देऊन येते." बस, एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. मग माझ्याकडे वळून, "तुझ्याकडे सोफा आहे ना?"

मी आहे म्हटलं. गिरीशला न विचारता. त्याला विचारायला लागत नाही, एवढं नशीब चांगलं.

घरी येताना मात्र तेच वाक्य डोक्यात. गिरीशला इथलं पत्र आलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी शाळेत राजीनामा दिला. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, वर्ष संपवून जा, दहावीच्या मुली आहेत. गिरीशनेही कधी चल म्हटलं नव्हतं. तू हो पुढे, मी येते – असं म्हणता येतं, हेच मला सुचलं नव्हतं.

२० मे

लेबोहांग गेला. पुलेंग सोफ्यावर. मी आता तिला पुलेंगच म्हणते.

विमान बदलायला त्याला जोहान्सबर्गला थांबावं लागतं. तिथे गोऱ्यांसाठी राखलेल्या कुठल्या बाकावर बसायचं नाही, हे तिने त्याला पुन्हा एकदा सांगितलं. लहान पोराला बजावावं तसं. मी पोळ्या लाटत होते, पोळी करपली.

२ जून

ती मक्याच्या पिठाची घट्ट उकड करते, त्याला पापा म्हणतात. आज मी त्याबरोबर पिठलं केलं. गिरीशने तीनदा घेतलं आणि म्हणाला, "लेसोथो आणि विदर्भ यांच्यात समुद्र उगाचच घातलाय." शोभाताई सहज म्हणून डोकावल्या होत्या. "अजून इथेच आहे ही? प्रायव्हसी वगैरे?" मी त्यांनाही वाढलं. जाताना पिठलं डब्यात घालून घेऊन गेल्या.

सकाळी भूमिती, दुपारी बीजगणित, भांडी घासताना पाढे. माझं घर इतकं भरलेलं कधी नव्हतं.

१६ जून

आत सोडलं. मी बाहेर गवतावर बसून राहिले. बाहेर आली ती घोंगडी हातात घेऊन. एवढंच म्हणाली, "गरम होत होतं."

६ जुलै

पास! पाचही विषयांत. गणितात सगळ्यात जास्त.

जोनबाई रडल्या, मी रडले. पुलेंग रडली नाही, तिने बायकांना उभं केलं आणि सातचा पाढा म्हणायला लावला.

१२ जुलै

विमानतळावर पोचवलं. जाताना मला म्हणाली, "थँक यू, कांचन." इथे या नावाने मला कुणी हाक मारत नाही. दिवसभर स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत होते.

२५ सप्टेंबर

वर्ग बंद. चर्चला तळघराची दुरुस्ती करायची आहे, वर्षभर तरी. जोनबाईंना फार वाईट वाटलं. मी हसून म्हटलं, एवढं मिळालं ते काय कमी? मनापासून म्हटलं. एवढं मिळालं. गिरीशची फेलोशिप आणखी दोन वर्षं वाढली, त्याचेही पेढे करायला हवेत.

पेढे केले. खवा नीट झाला नाही.

९ नोव्हेंबर

पुलेंगचं पत्र. ट्रेनिंग छान चाललंय. तिच्या गावाजवळ डोंगरात मुलींची मिशनची शाळा आहे, गणिताला कुणीच नाही. मुलींचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. राहायला खोली, जेवण. पगार देता येणार नाही. "तुला तर पगाराशिवायची सवय आहे," असं लिहिलंय. सिस्टरनी नाव विचारलं तेव्हा तिने पासपोर्टावरचं सांगितलं म्हणे, मृणालिनी. खट्याळ!

शोभाताईंना सहज बोलले. "वेडी आहेस का? लोक तिकडून इकडे येतात."

पत्र वाचून ठेवून दिलं. पुन्हा काढलं.

२२ नोव्हेंबर

आपल्या पासपोर्टावर दक्षिण आफ्रिकेला जायला मनाई आहे, आणि लेसोथोच्या चारी बाजूंना तोच देश! ट्रॅव्हल एजंट म्हणाला, मोझांबिकवरून विमान असतं, चौकशी करतो. मी नुसती चौकशी करतेय.

३ डिसेंबर

जानेवारीत जाते. वर्षभरासाठी.

गिरीशला विचारलं नाही, सांगितलं. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि तिथूनच म्हणाला, "वरणाला शिट्ट्या किती करायच्या?"