पुढच्या सीटवरची सवाष्ण

ड्रोहेडा, आयर्लंड,
१२ सप्टेंबर २०२१

ती. आईंना पूर्वाचा सा. न.

गणपती छान बसले. मोदक फुटले, तुमच्या लेकाने, तन्मयने, तुमच्यापाशी चुगली केली असेलच. तुमचा गुडघा कसा आहे?

गुडघ्याचं मुद्दाम विचारलं. इथे होतात तेव्हा रोज बसने बाजारात जायचात आणि एकाएकी गुडघ्याचं निमित्त करून ते सोडलंत. असो, आधी बातमी सांगते.

त्या खासगी बसचा ड्रायव्हर आम्हाला ‘हॉस्पिटलवाल्यांनी साथीमुळे मागे बसायचं’ म्हणायचा. गोऱ्या नर्सेस मात्र पुढेच. कंपनी म्हणे, लेखी तक्रारच नाही. कोण करणार? सगळ्यांना आपापल्या वर्क परमिटची धास्ती. तन्मयसुद्धा म्हणाला, आपले कागद होईपर्यंत गप्प बस.

गप्प बसणं मला जमत नाही, हे तुम्ही जाणताच. श्रावणी शुक्रवारी मागच्या अंगणात हळदीकुंकू ठेवलं आणि आपल्या पद्धतीने घरोघर जाऊन बोलावणं केलं. मल्याळी, नायजेरियन, फिलिपिनो, सगळ्या आल्या. दारात येऊन कुंकू लावणाऱ्या बाईला नाही म्हणणं जड जातं. दूध-फुटाणे झाल्यावर मी विषय काढला, आणि तशाच कुंकू लावलेल्या आम्ही बसमध्ये जाऊन पुढे बसलो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तेवढ्यात मागून ग्रॉनिया नावाच्या इथल्या एक आजी म्हणाल्या, "गाडी काढ रे बाबा. त्या तिथे ग्रँड आहेत." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक’.

गाडी निघाली.

मग कंपनीने बोलावलं. साहेबाने विचारलं, उठवलं कुणाला, एक तरी नाव सांगा. सगळ्या खाली बघू लागल्या.

आई, तुम्ही बसने जाणं सोडलंत त्या दिवशी शेजारची बिन्सी तुमच्याच बसमध्ये होती; तिनेच मला नंतर सांगितलं. ड्रायव्हरने तुम्हाला पुढून उठवलं, तुम्ही भाजीची पिशवी घेऊन मागे गेलात आणि तिला घरी सांगू नकोस म्हणालात. तुम्ही तर हॉस्पिटलच्या नव्हतातच. त्याला रंग पुरला.

सासूचं नाव मी आजवर कधी घेतलं नव्हतं. तिथे घेतलं, "सुलभा गोविंद देवस्थळी. माझ्या सासूबाई."

"मी पाहिलंय," बिन्सी म्हणाली. मग एकेक जण बोलू लागली. लेखी तक्रारीवर पहिली सही तन्मयची आहे. ड्रायव्हरला काढलं, आणि कुणीही कुठेही बसावं अशी पाटी आता बसमध्ये लागली आहे.

न विचारता तुमचं नाव दिलं, रागावायचं तर रागवा. मला मात्र ते घेताना फार अभिमान वाटला.

सुलभाबाईंची सून,
पूर्वा