चार बाजूंचा अल्बम आणि त्याची वाटणी

लिहून ठेवणार: श्रीमती वैजयंती सुभाष घंगाळे, वय ७१, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार खोडद, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे.

आज मी पूर्ण शुद्धीवर आहे. सकाळचा चहा स्वतः केला, गोळ्या आठवणीने घेतल्या, आणि शेजारी बसून कोणी काही सुचवत नाही. दबावाखाली येण्याचं वय गेलं. होतं तेव्हाही मी फारशी आले नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय व्हावं ते खाली लिहिते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. वारस दोन. मुलगा सुदर्शन पुण्यात नोकरीला आहे. मुलगी अश्विनी पिंपळवंडीला दिली आहे. दोघंही चांगली आहेत, आणि वडील गेल्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत. कारण कलम ४ मध्ये आहे.

२. शेती यजमान हयात असतानाच मुलांच्या नावावर झाली. तिच्यावरून भांडण होईल म्हणून मी तयारीत होते, पण झालं नाही. बँकेतलं जे असेल ते दोघांना सारखं. शिलाई मशीन शेजारच्या लंकाबाईंना. त्यांना साक्षीदार करायचं माझ्या मनात होतं, पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्यानं सही न केलेली बरी. लंकाबाईंनी मशीन पसंत केलं.

३. रेकॉर्ड प्लेअर. यजमान इथल्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात मेकॅनिक होते. तिथला एक परदेशी शास्त्रज्ञ मायदेशी जाताना हा प्लेअर आणि रॉक संगीताच्या रेकॉर्डींचं एक खोकं त्यांना देऊन गेला. पुढे यजमानांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून भर घातली. दर रविवारी दुपारी एक अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. पहिल्या रविवारी लंकाबाई भिंतीवरून म्हणाल्या, “बाई, भाऊ कुनाशी भांडत्यात का?” नंतर त्याही लसूण घेऊन सोलायला येऊ लागल्या. हा प्लेअर घरातून हलवायचा नाही.

४. रेकॉर्डी. या आता माझ्या नाहीत, तरी लिहिणं भाग आहे. यजमान गेले तेव्हा दोन्ही मुलांना त्या हव्या होत्या. वाटणीसाठी माझे धाकटे दीर सोपानभाऊ यांना बसवलं, कारण पंचक्रोशीतल्या वाटण्या तेच करतात. त्यांची रीत ठरलेली: एकाला विहिरीकडचं आणि दुसऱ्याला मुरमाड असं नको, प्रत्येक तुकड्यात निम्मं निम्मं. त्याच रीतीने त्यांनी रेकॉर्डी वाटल्या. ज्या अल्बममध्ये दोन रेकॉर्डी होत्या, त्यातली एक सुदर्शनला, एक अश्विनीला. पुठ्ठा एकाला, आतला गाण्यांचा कागद दुसऱ्याला. मी तेव्हा पाहुण्यांची पानं वाढत होते. कळलं तोवर दोन्ही गाड्या निघून गेल्या होत्या. प्लेअर दुरुस्तीला नारायणगावला होता म्हणून वाचला, नाहीतर सुई एकीकडे आणि स्पीकर दुसरीकडे गेले असते.

त्यात निळ्या पुठ्ठ्याचा एक अल्बम आहे. नाव लिहीत नाही, दोघांना माहीत आहे. यजमानांचा तो सगळ्यात आवडता. दोन रेकॉर्डी, चार बाजू, आणि गाण्यांमधून एकच गोष्ट: पहिल्या रेकॉर्डीत एक माणूस घर सोडून जातो, दुसरीत परत येतो. पहिली सुदर्शनकडे गेली, दुसरी अश्विनीकडे. तेव्हापासून सुदर्शनकडचा माणूस नुसता निघालेलाच आहे, आणि अश्विनीकडचा कुठे न जाताच परत येतो. तू तुझी दे, नाही, आधी तू तुझी दे, एवढ्यावर दोघांचं बोलणं थांबलं ते थांबलंच. आता कोणी कोणाच्या दारात जात नाही. मला त्यांचा राग येत नाही, वाईट वाटतं.

सोपानभाऊंना मी हे कलम वाचून दाखवलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “वैनी, जिमिनीला घालतो तसाच बांध घातला मी. गानं मदी तुटतं, ह्ये मला ठावं नव्हतं.” त्यांचा दोष नाही. म्हणूनच साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावलं आहे.

५. फोनवरची गाणी. ही मला कोणालाच देता येत नाहीत. सुदर्शनची मुलगी समृद्धी हिने दरमहा पैसे भरून ऐकायची सोय माझ्या फोनवर करून दिली आहे. मी गेले की ती बंद होईल आणि मागे काहीही उरणार नाही. एका दृष्टीने बरं आहे, वाटणीचा प्रश्नच नाही. सुदर्शन म्हणाला होता, “आई, तो अल्बम फोनवर पूर्ण आहे. त्या रेकॉर्डी घेऊन करायचंय काय?” मी म्हटलं, मग तुझी अश्विनीला देऊन टाक. त्यावर त्यानं हवेचा विषय काढला.

नवे अल्बमही मी समृद्धीबरोबर बसून ऐकले आहेत, तेव्हा ऐकीव बोलत नाही. नवा अल्बम येतो तेव्हा त्यातली निम्मी गाणी एकेक करून आधीच येऊन गेलेली असतात. म्हणजे लग्नाआधीच नवरी चार वेळा सासरी राहून आलेली. गाणं सुरू होतं ते एकदम मुखड्यापासून, कारण जरा रेंगाळलं की माणूस पुढचं लावतो. महिना होत नाही तोवर तोच अल्बम चार जास्तीची गाणी घेऊन पुन्हा येतो. जुन्यात क्रम असे. भजनाला आधी रूपाचा अभंग आणि शेवटी भैरवी. मध्येच भैरवी घेतली तर लोक चपला शोधू लागतात. पण जुनं सगळंच सोनं नव्हतं. एका रेकॉर्डीत एकट्या ड्रमचं वादन इतकं लांबलं आहे की मी डाळीचा कुकर लावून, उतरवून परत येई, तरी तो माणूस बडवतच असे. शिवाय जिकडे तिकडे पुरुष. आता मुली आपल्या खोलीत बसून हळू आवाजात हवं ते गातात, ते मला आवडतं. यजमानांनाही आवडलं असतं, त्यांनी कबूल केलं नसतं.

समृद्धी म्हणाली, “आजी, सलग कोणी ऐकत नाही गं आता.” मी तिला सांगितलं, आवडीने तेव्हाही कोण ऐकत होतं? उठून सुई उचलायचा कंटाळा, म्हणून नावडतं गाणंही ऐकलं जाई, आणि ऐकता ऐकता ते आवडू लागे. यजमान मला असेच आवडू लागले.

६. खोडदचं राहतं घर सुदर्शन आणि अश्विनी यांना सामाईक. यात भिंत घालू नये, पत्रा ठोकू नये, खोल्या वाटून घेऊ नयेत.

७. दशक्रिया. मीना नदीच्या घाटावर प्रवचन ठेवायला माझी हरकत नाही. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं नकोत. त्यांतल्या निम्म्यांना मी पाढे शिकवले आहेत आणि त्यांना काय येतं ते मला माहीत आहे. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर दोघांनी निळ्या अल्बममधली आपापली रेकॉर्ड घेऊन घरी यावं. आधी सुदर्शनने लावावी, मग अश्विनीने. बोललंच पाहिजे असं नाही. मध्ये उठू मात्र नये.

दोघांपैकी एकच आलं, तर त्याच्याकडची रेकॉर्ड लावावी. राहिलेली फोनवर लावायची नाही; समृद्धी, तूसुद्धा नाही. ती जेवढा वेळ चालली असती तेवढा वेळ काही न वाजवता तिथेच बसून राहावं. हे गेल्यापासून मी दर रविवारी दुपारी चारही बाजू तशीच बसते.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला, आणि साक्षीदारांच्या समोर सही केली.

सही: वैजयंती सुभाष घंगाळे

साक्षीदार, ज्यांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या:
१. सोपान दादाभाऊ घंगाळे, राहणार खोडद
२. डॉ. प्रतिभा डुंबरे, नारायणगाव (लिहून ठेवणार यांना आज तपासलं, प्रकृती व बुद्धी ठीक)

ठिकाण: खोडद
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार