तुमचं एका मताचं उदाहरण

सर,

'आदरणीय' लिहिलं होतं, खोडलं. काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली. सगळे इतकं गोड बोलले, की वाटलं गेलेत ते दुसरेच कोणी. मलाही बोलायला सांगितलं, तर मी घसा बसलाय म्हणाले. घसा ठणठणीत आहे. म्हणून तर लिहितेय.

आठवतं, मी पहिल्या वर्षाला होते? वाशीमकडच्या खेड्यातून आलेली, कोथरूडला कॉट बेसिसवर राहणारी. तुम्ही पोर्चमध्ये टेबल मांडून मतदार नोंदणी करायचात. जिल्ह्यात आपलं कॉलेज पहिलं यायला हवं होतं ना तुम्हाला! मी विचारलं, "सर, इथं नाव घातलं तर गावचं मत राहील ना?" चष्म्यावरून बघत म्हणालात, "गावात काय ठेवलंय? राहतेस इथे ना? मग सही कर. मागे रांग आहे."

'नाही, राहणार नाही' एवढं सांगायला वेळ नव्हता तुम्हाला. मी सही केली. मास्तरांनी सांगितलं की करायचं, असंच शिकून आलेलो आम्ही.

त्याच वर्षी आई ग्रामपंचायतीला उभी राहिली, सख्ख्या दिराविरुद्ध. मी एसटीने गेले, रांगेत उभी राहिले, आणि यादीत नाव नाही. म्हणे, तुमचं नाव पुण्यात गेलं. आई एका मताने पडली.

काकांनी गुलाल आमच्या दारात आणून उधळला. चावडीवर लोक म्हणाले, "पोटच्या पोरीनं मत नाही देल्लं, मंग गावानं काऊन द्यावं?" आईला मी सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून घेते. पण अजूनही भाकरी वाढताना मधेच विचारते, "तू आली होती ना, मंग मत काऊन नाही टाकलं वं?"

आणि पुण्यातल्या मताचं काय लोणचं घालायचं होतं? इथे महापालिकेची निवडणूक पुढे कित्येक वर्षं झालीच नाही.

परत आल्यावर मी तुमच्याकडे रडत आले. तुम्ही म्हणालात, "बघ, मी सांगत नव्हतो, एका मताला किंमत असते?" आणि चहा मागवलात. एकच, स्वतःला.

तेही गिळलं असतं मी. पण पुढच्या वर्षापासून तुम्ही ते वर्गात सांगायला लागलात. "आपल्याच कॉलेजातली एक फार हुशार मुलगी..." पोरं खो खो हसायची आणि मी मागच्या बाकावर बसलेली असायचे. नंतर मी इथेच शिकवायला लागले, तरी स्टाफरूमपर्यंत तो हशा यायचा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तुम्ही जित्या माणसांबद्दल बोलायचात, त्याचं काय?

एक फोन करायचा होता हो, सर. "बाई, पोरीची चूक नाही, माझी आहे" एवढंच बोलायचं होतं. मास्तरांचा शब्द आईने मानला असता. नंबर दिला होता मी तुम्हाला, मागे लागून दिला होता. "करू की" म्हणालात, आणि आता मेलात. आता तिला कोण सांगणार?

तुमचं टेबल माझ्याकडे आलंय. शब्द देते, दरवर्षी मांडेन. बाहेरगावच्या प्रत्येक मुलीला आधी विचारेन, घरचं कोणी गावात उभं राहतंय का. तुमची ती गोष्टही सांगेन. फक्त मुलं हसली की थांबेन, आणि "सही कर, मागे रांग आहे" म्हणणाऱ्या सरांचं नाव सांगेन. आडनावासकट.

तुमचं उदाहरण,
रेखा